मुंबईला न्यायचा डबा

सकाळी वसुधाचा फोन आला आणि माझा सगळा दिवस नासला.

"अगं, आपण चौघी शनिवार-रविवार मुंबईत राहायला जाऊ या! समुद्रासमोरचं हॉटेल बघितलंय माझ्या सुनेनं. खाऊ, पिऊ, हिंडू. आठवतं ना, गिरगावात आत्याकडे गेलो होतो तेव्हा काय मजा आली होती! तसंच पुन्हा करू. संध्याकाळी फोन करते, तेव्हा हो म्हणायचं. नाही ऐकणार नाही हं मी."

मजा! कसली डोंबलाची मजा? मी फोन ठेवला, माळ्यावर चढले आणि डबा खाली काढला. वनस्पती तुपाचा जुना डबा आहे तो. पिवळा रंग कधीच उडाला, आता नुसता पत्रा, आणि झाकणाला आईनं बसवून घेतलेली तारेची कडी. झाकण उघडलं. इतकी वर्षं रिकामा आहे, दोनदा राखेनं घासलाय, तरी तळाशी नाक नेलं की वास येतो. उन्हाचा, मिठाचा आणि सोड्यांचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, सोडे म्हणजे सोललेली, उन्हात वाळवलेली कोळंबी. आम्ही वेसाव्याचे, तुम्ही वर्सोवा म्हणता तिथले कोळी. आमच्याकडे सोन्याच्या खालोखाल सोडे. लग्नात, बाळंतपणात, मानाच्या पाहुण्याला. आता वेसावं म्हटलं की लोक हॉटेलं आणि शूटिंगवाले सांगतात. तेव्हा खाडीकडच्या मैदानात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले असायचे, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं, आणि वारा सुटला की सगळी रांग एकदम हलायची. खाली जाळ्यांवर बारीक कोळंबीचा जवळा पसरलेला. अंधेरीहून येणारी बस शेवटच्या वळणावर आली की शहरातले लोक पटापट रुमाल काढायचे. ते रुमाल बघून आम्हाला कळायचं, घर आलं.

अंधेरी स्टेशनाजवळ पहिल्या मजल्यावर एक टायपिंगचा क्लास होता. मॅट्रिक झाल्यावर आईनं मला तिथं घातलं. तिचं स्वप्न एवढंच की पोरीच्या डोक्यावर टोपली नको, पोरीनं पंख्याखाली बसावं. त्या खोलीत दुपारी यंत्रांचा असा कडकडाट चालायचा की शेजारीण काय म्हणते ते ओठांवरून ओळखावं लागे. कार्बनची निळी बोटं, रिबिनीचा तेलकट वास, आणि वारा पार्ल्याकडून आला तर खिडकीतून बिस्किटं भाजल्याचा गोड वास. मास्तर पट्टी आपटत ताल धरायचे. त्या तालावर चौघींची मैत्री झाली.

वसुधा अंधेरीचीच. गोरी, बोलकी, सगळ्यांची पुढारी. कुमुद जोगेश्वरीची, तिला कशाचंही हसू यायचं. आणि शारदा मरोळची. शारदा बौद्ध. तिचे वडील जालन्याकडून आलेले, आरे कॉलनीत गोठ्यावर कामाला. ती स्वतः सकाळी मरोळच्या एका कारखान्यात खोकी भरायची आणि दुपारी क्लासला यायची. बोलायची कमी, पण बोलली की तुकडा पाडायची.

क्लासच्या मागे लोखंडी जिना होता. मधल्या सुटीत आम्ही त्याच्या पायऱ्यांवर बसून डबे उघडायचो. माझ्या डब्यात भाकरी आणि जवळ्याची चटणी. सुका जवळा तव्यावर भाजायचा, त्यात कांदा, मिरची, चिंचेचा कोळ. पहिल्याच आठवड्यात वसुधा सरकत सरकत माझ्या पायरीवर आली.

"एवढीशीच दे ना गं. चव बघते."

चव बघता बघता तिनं अर्धी चटणी संपवली. डोळ्यांत पाणी, नाक लाल, आणि बोटं अशी चाटत होती की मलाच हसू आलं. मग हे रोजचंच झालं. आई दोघींपुरतं देऊ लागली. कधी सुकट, कधी बोंबील भाजून कुटलेला, कधी शिंपल्यातल्या तिसऱ्या. जेवण झालं की वसुधा हात पुढे करायची. मी कनवटीला लिंबाची फोड आणायचे. ती मी तिच्या एकेका बोटावरून चोळायचे, नखांच्या कडेनं, तळव्यावरून. मग ती वेलदोडा चघळायची आणि माझ्या तोंडासमोर हा करून विचारायची, "येतो का गं वास?"

मी म्हणायचे, "नाही येत."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्हीही मासळी साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतो. आई बाजारातून आली की आधी लिंबू, मग पोरांना जवळ घेणं. वसुधा बामणाची, आणि बामणं मासळी खात नाहीत हे मला माहीत होतं, अगदीच बावळट नव्हते मी. पण सारस्वत खातात. आईच्या टोपलीची निम्मी गिऱ्हाइकं तीच, आणि सुरमईच्या डोळ्यांकडे बघून ताजी-शिळी ओळखणारी. वसुधा इतक्या हावरटपणे खाते म्हणजे त्यांच्यातलीच असणार, असं मी धरून चालले. कोळ्याच्या पोरीला माणसाची जात त्याच्या खाण्यावरून कळते, असा माझा ठाम समज होता. झक मारली आणि समजले.

मुंबईला जायची टूम वसुधानंच काढली. तेव्हा अंधेरीत राहणारी माणसं 'मुंबईला जाऊन येतो' असंच म्हणायची, जणू अंधेरी दुसऱ्याच मुलखात. शनिवारी दुपारी निघायचं, गिरगावात तिच्या आत्याच्या चाळीत मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. राणीची बाग, म्युझियम, चौपाटीची भेळ, इराण्याचा चहा, एक सिनेमा, उंच काचेच्या पेल्यातला फालुदा. त्या जिन्यावर बसून आम्ही ती सहल इतक्या वेळा केली की मला फालुद्यातला सब्जा दाताखाली जाणवायचा. फालुदा मी जन्मात खाल्ला नव्हता. कुमुद म्हणायची, "मी दोन पेले खाणार!" आणि हसत सुटायची. शारदा म्हणायची, "मला म्युझियम बघायचंय. बाकी तुमचं चालू द्या."

पण दिवस ठरेना. शारदाच्या कारखान्याला सुटी शुक्रवारी. आमच्या घरात तर रविवार हा प्रकारच नव्हता.

"त्या शनिवारी उधाण आहे," मी म्हणायचे. "आई सोडायची नाही. मासळी भरपूर येते तेव्हा. भांगाला जाऊ."

"भांग म्हणजे?" कुमुदनं विचारलं.

"अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते. जाळ्यात काही येत नाही. तेव्हा आम्ही मोकळे."

"तुमच्या घरात कॅलेंडर नाही का गं?" वसुधानं डोळे मोठे केले. "चंद्र बघून सुटी घेता?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. श्रावण आला, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ पडला, होड्या सुटल्या. गणपती आले, गेले. नवरात्रात कुमुदच्या बहिणीचं लग्न निघालं. शेवटी दिवाळी उलटल्यावर भांगाचा शनिवार सापडला आणि शारदानं कुणाशीतरी पाळी बदलून घेतली. त्या दिवशी आम्ही चौघींनी जिन्यावर टाळ्या पिटल्या तेव्हा मास्तर पट्टी घेऊन बाहेर आले.

मी घरी सांगितलं. आईनं पहिला प्रश्न विचारला, "कोनाचे घरा राहनार?"

"वसुधाच्या आत्याकडे. गिरगावात."

"मग रिकाम्या हातान नय जायाचा गो. लोकांच्या घरा पाठ टेकायची, नि हात हलवत जायाचा? लाज जाईल आपली."

हा आमचा रिवाज. कोळ्याच्या घरातून कुणी कुणाकडे गेलं तर बरोबर वानवळा गेलाच पाहिजे, आणि तोही घरातला सगळ्यात चांगला. आईनं मोसमाची पहिली कोळंबी सोलायला घेतली होती. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. तो बोटांत घुसतो, वर मीठ लागतं. आईची बोटं त्या दिवसांत कायम सुजलेली, लाल. मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी म्हणून ती सोडे बाजूला काढत होती. त्यातले एकसारखे, गुलाबी, न तुटलेले निवडून तिनं हा डबा भरला. दाबून भरला. वर पळसाचं पान ठेवलं, झाकण लावलं आणि कडी घातली.

"सांग त्यांना, वांग्यात टाका. नि सांग, आयेन दिलंय."

मी तो डबा मांडीवर घेऊन गिरगावापर्यंत गेले. कुमुदनं विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "गंमत आहे. आत्याकडेच उघडणार." वसुधा खिडकीशी बसून फालुद्याचंच बोलत होती.

आत्याची चाळ मला अजून दिसते. लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठड्यावर वाळत घातलेली नऊवारी लुगडी. आत शिरल्याबरोबर उदबत्ती, ताक आणि साजूक तूप यांचा वास. कोपऱ्यात देव्हारा, समईची वात नुकतीच सारलेली. आत्या लहानखुरी, कपाळ मोकळं, आवाज अगदी मऊ. "या गं पोरींनो," म्हणाली. आम्ही पाया पडलो. मग मी पुढे झाले, डबा तिच्या हातात दिला आणि मोठ्या दिमाखात झाकण उघडून पान बाजूला केलं.

"आईनं दिलेत. पहिले सोडे आहेत. वांग्यात टाका म्हणाली."

आत्यानं हात असा मागे घेतला की डबा मी धरला म्हणून वाचला. "अगंबाई!" ती म्हणाली आणि पहिल्यांदा देव्हाऱ्याकडे बघितलं. मला तिचा राग आला नाही, आजही येत नाही. तिला खरंच वास सहन होत नव्हता. माझं काय चुकलं ते मला त्या क्षणी कळलं आणि कानशिलं तापली. चूक माझीच होती, मी माफी मागणारच होते. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात वसुधा बोलली.

"शी! शी! शी! काय गं हे? तुला काही अक्कल आहे का? आत्या, मला खरंच माहीत नव्हतं हं ही असलं काही घेऊन येईल. मला तर नुसत्या वासानंच ओकारी येते." आणि पदर नाकाला लावून तिनं खरोखर उमासा काढून दाखवला.

मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. पदर धरलेली ती गोरी बोटं. आदल्याच दिवशी मी त्यांना लिंबू चोळलं होतं.

मला किळस आली. आजवर मी सडलेली मासळी हाताळली आहे, पावसाळ्यात गटारात तरंगणारी घाण बघितली आहे, मोरी उपसली आहे. पण त्या उमाशासारखं घाणेरडं मी काही पाहिलं नाही. घशाशी आलेला तो खोटा आवाज आठवला की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. नाकानं कांदे सोलावेत ते हिनंच!

आत्या हलकेच म्हणाली, "असू दे, पोर आहे. बाळ, तो डबा बाहेर संडासाच्या बोळात ठेव. सकाळी झाडणारीला देऊन टाकू. आणि नळावर हात धुऊन ये, साबण देते."

संडासाच्या बोळात. आईचे सोडे.

कुमुद हसायला लागली आणि मग कुणीच हसत नाही बघून जमिनीकडे बघू लागली. मी झाकण लावलं. कडी लागेना. तेव्हा शारदा उठली. तिनं माझ्या हातातून डबा घेतला, कडी लावली, आपली पिशवी खांद्याला अडकवली.

"चल," ती मला म्हणाली. "मलाही इथं घास उतरायचा नाही."

"अगं, तू कुठं निघालीस?" वसुधा म्हणाली. "तुला कुणी काय म्हटलंय?"

"ते तुला माहीत आहे," शारदा म्हणाली. आम्ही त्या झिजलेल्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो.

चौपाटीवर वाळूत बसल्यावर तिनं सांगितलं. गाडीत चढताना वसुधा तिच्या कानाला लागली होती, "आत्यानं आडनाव विचारलं तर काहीतरी दुसरं सांग गं. उगाच कटकट नको." शारदानं ते मुंबई येईपर्यंत गिळलं होतं. मी रडत होते. ती रडत नव्हती, वाळू मुठीत घेऊन सोडत होती.

"भूक लागली," ती एकदम म्हणाली. "हे कच्चे खाता येतात काय?"

"भाजावे लागतात."

समोर एक कणीसवाला बसला होता. शारदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भय्या, ये जरा भून दोगे क्या?" त्यानं डब्यात डोकावून पाहिलं, हसला, कणसं बाजूला केली आणि निखाऱ्यांवर जाळी टाकून मूठभर सोडे पसरले. ते आक्रसले, कडेनं लाल झाले, आणि मग तो वास सुटला! मुंबईच्या त्या एवढ्या मोठ्या वाऱ्यावर आमच्या वेसाव्याचा वास. दोन माणसं थांबली. एका बाईनं विचारलं, "काय भाजताय हो? पोटात कावळे ओरडायला लागले." आम्ही तिला दिले, कणीसवाल्याला दिले. त्यानं वरून लिंबू पिळलं, तिखटमीठ भुरभुरलं. मी बोटं चाटली. शारदानं बोटं चाटली. कुणी काही लपवलं नाही.

घरी परत जायची सोय नव्हती, आई विचारणार. म्हणून आम्ही मरोळला गेलो. शारदाच्या घरी एकच खोली, पण तिच्या आईनं एक शब्द विचारला नाही. सकाळी उठून शारदा मला आरेत घेऊन गेली. दवानं ओलं गवत, शेणाचा आणि वैरणीचा उबदार वास, झाडांमधून वळणारा रस्ता, त्यावर रिकामी बस. तिच्या वडिलांनी काचेच्या बाटलीतलं थंड दूध दिलं. झाकणाचा पातळ चकचकीत पत्रा शारदानं कपाळावर टिकलीसारखा चिकटवला आणि म्हणाली, "ही बघ माझी राणीची बाग." दुपारी तिच्या आईनं उरलेले सोडे वांग्यात टाकले. जालन्याकडचं काळं तिखट, शेंगदाण्याचं कूट, वेसाव्याचे सोडे. शारदाच्या धाकट्या भावंडांनी भाकरीच्या तुकड्यानं पातेलं आतून पुसून काढलं.

संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी आले. आई ओट्यावर जाळं घेऊन बसली होती. तिनं आधी डब्याकडे बघितलं.

"आवडलं काय गो त्यांना?"

"पातेलं पुसून खाल्लं."

आईच्या चेहऱ्यावर जे हसू आलं त्यासाठी मी काहीही केलं असतं. तिनं सुजलेल्या बोटांनी डबा उचलला आणि आत डोकावून बघितलं, एकही सोडा उरला नव्हता. मग दर वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरची पहिली कोळंबी वाळली की ती तो भरायची. "जा, तुझ्या मुंबईवाल्या आत्याला देऊन ये." मी तो घेऊन बसमध्ये बसायचे आणि मरोळला उतरायचे. आई गेली तोपर्यंत हे चाललं. शेवटच्या वर्षी तिला धड दिसत नव्हतं, तरी बोटांनी चाचपून तिनं अख्खे सोडे निवडले आणि म्हणाली, "म्हातारी लय चवीची दिसते गो." मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

आणि वसुधा? सहलीनंतरच्या सोमवारी मधल्या सुटीत ती जिन्यावर आली. माझ्या शेजारी बसली, मला ढोसलं. "रागावलीस? अगं, आत्यासमोर काय करणार मी? तुला समजायला नको? बरं, ते जाऊ दे. आज काय आणलंयस?" आणि हात पुढे केला.

मी डबा बंद केला आणि शारदाच्या पायरीवर जाऊन बसले.

पुढे वर्षं गेली. लग्नं, नोकऱ्या, बदल्या. कुणाच्या तरी मुलाच्या लग्नात आम्ही पुन्हा भेटलो, वय झालं की माणसं जुन्या ओळखींना मिठ्या मारतात तशा मिठ्या मारल्या. वसुधानं त्या सहलीची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली, त्यात भेळ होती, फालुदा होता, आम्ही चौघी होतो. ऐकणारे म्हणाले, "काय दिवस होते ते!" 'काय दिवस होते' म्हणून उसासे टाकणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. दिवस होते तसेच होते. वलांड्या गेल्या, क्लासचा जिना गेला, आरेतल्या त्या बाटल्या गेल्या, त्यांच्यासाठी माझाही जीव तुटतो. पण जे सडकं होतं ते उदबत्ती लावून गोड करायचं? मला नाही जमत.

संध्याकाळी फोन आला. डबा समोरच होता, घासून, पुसून.

"मग? ठरलं ना?" वसुधा म्हणाली. "आणि हे बघ, येताना तुझ्याकडचे सोडे आण गं. ती चटणी करून आण. किती वर्षांत खाल्ली नाही! नुसत्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटलं बघ."

"हॉटेलात सगळ्यांच्या समोर खाशील?" मी विचारलं.

"छे गं! सूनही येतेय ना बरोबर. तिला कुठं माहीत आहे? रूमचं दार लावून खाऊ आपण दोघी." मग आवाज खाली आणून, लाडात येऊन ती म्हणाली, "आणि लिंबू विसरू नकोस हं."

"शी!" मी म्हटलं.

"काय गं? काय झालं?"

मी फोन ठेवून दिला. मग शारदाला लावला आणि सांगितलं, रविवारी येते, वांगी आणून ठेव.